सरडेराव वाट बघतात

वाट बघण्याच्या कामात आपला हात धरील असा माणूस अजून जन्माला आलेला नाही, असं सरडेराव स्वतःच सांगत असत. सांगत असत म्हणजे सापडेल त्याला धरून सांगत असत. संग्रहालयाच्या तिकीट खिडकीतल्या बाईंना सांगून झालं होतं, झाडूवाल्याला सांगून झालं होतं, आणि नुसता पत्ता विचारायला थांबलेल्या कुरिअरवाल्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. मुद्दा असा, की ज्या माणसाने उन्हातान्हात, काट्याकुट्यात, एका सरड्यासाठी वर्षंच्या वर्षं काढली, त्याला बायकोची वाट बघणं ते काय अवघड? बायको सरड्यापेक्षा लवकर येते, असं म्हणून ते स्वतःच हसायचे. ऐकणारा हसायचा नाही, कारण बायको भावाकडे जाऊन राहिली आहे हे सगळ्या संग्रहालयाला ठाऊक होतं.

रुसून घर सोडून गेली म्हणावं तर तशीही सोय नव्हती. ती घरातून गेलीच नव्हती, हॉस्पिटलातून परस्पर गेली होती. त्याचं असं झालं. सरडेराव त्या संग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक, आणि बायको तिथलीच चित्रकार. प्लॅस्टरचे साप, सरडे, बेडूक साच्यातून काढायचे आणि असे रंगवायचे की बघणाऱ्याने काचेपासून पाऊलभर मागे सरकावं, हे तिचं काम. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला तसा तिचा जीव खालीवर व्हायला लागला. हातात ब्रश आणि डोळ्यापुढे धुकं, असं किती दिवस चालणार? पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. पट्टी काढतील तेव्हा तुम्ही समोर उभे राहा. रंग नाही दिसले तर निदान तुम्ही दिसाल.

सरडेराव हो म्हणाले आणि अगदी मनापासून म्हणाले. पण हॉस्पिटलची वाट नेमकी खुरट्या झुडपांच्या रानातून, आणि नेमकी त्याच सकाळी एका झुडपाच्या बुडाशी ताजी उकरलेली माती दिसली. मादी अंडी पुरून ठेवते तेव्हा अशीच माती लोटते. पाच मिनिटं बघू, म्हणून सरडेराव उकिडवे बसले ते बसलेच. माती उंदराची निघाली. हॉस्पिटलात पोचले तोवर बायकोच्या खाटेवरची चादरसुद्धा बदलून झाली होती आणि तिच्यावर कुणी दुसऱ्याच आजीबाई आडव्या होत्या. त्यांनी सरडेरावांना डॉक्टर समजून जीभ दाखवली.

मेहुणा तिला घेऊन गेला होता. या मेहुण्याची गाडी शिकवण्याची शाळा होती आणि घर रानाच्या पलीकडच्या काठाला. साऱ्या जगाकडे तो शिकाऊ चालक म्हणूनच बघायचा. सरडेरावांनी फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, की भाऊजी, तुम्ही पुढचं बघता, मागचा आरसा कधी बघतच नाही. मग त्याने फोन बहिणीकडे दिला. आता इथे कुणीही शहाणा माणूस चुकलं म्हणाला असता. सरडेरावांच्या घशापर्यंत तो शब्द आलाही होता, पण तोंडातून बाहेर पडलं ते असं, की साखरेचा डबा कुठे आहे? तिने सांगितलं, वरच्या फळीवर. मग फोन ठेवला गेला. साखरेचा डबा खरं तर त्यांच्या समोरच होता.

घर म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी, पण बायको नसताना ते केवढं तरी मोठं होऊन बसलं. ओट्यावर तिचे ब्रश टर्पेंटाइनच्या पेल्यात उभे होते. तो पेला रिकामा करायची त्यांना छाती होईना, कारण घराला जो घरासारखा वास होता तो त्या पेल्याचा होता. चहा सवयीने दोन कप व्हायचा. पहिला ते पीत आणि दुसऱ्याकडे बघत बसत, तो गार झाला की रागारागाने तोही पिऊन टाकत. आणि सकाळी संग्रहालयात जाऊन पुन्हा सांगत, की वाट बघण्याच्या कामात आपला हात कोण धरणार.

आता त्या सरड्याविषयी सांगायला हवं. दिसायला बोटभर, मातकट, दगडावर बसला तर दगडाचाच टवका वाटेल असा. पण नराच्या गळ्याखाली एक घडी असते. मादीला बोलवायचं असलं की हे महाराज उंच दगडावर चढतात, पुढच्या पायांवर ताठ होतात आणि ती घडी उघडतात. मग निळी, काळी, तांबडी अशी पंखी उन्हात लखकन चमकते आणि मिटते. दिवसभर हेच, उघड आणि मीट. मादी आली तर आली. सरडेरावांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून ती पंखी एकदा पाहिली होती आणि तेव्हापासून हा माणूस कामातून गेला होता. पुढे रान आटत गेलं, मोठी झाडं नाहीत म्हणून लोक त्याला ओसाड म्हणू लागले, आणि कितीतरी वर्षांत त्या सरड्याचं शेपूटही कुणाला दिसलं नव्हतं.

रिकाम्या घरात बसवेना तेव्हा त्यांना एक युक्ती सुचली. संग्रहालयाच्या कपाटात बायकोने पूर्वी रंगवलेला प्लॅस्टरचा नर होता, पंखी पूर्ण उघडलेला. तो रानातल्या दगडावर ठेवायचा आणि लपून बसायचं. खरा नर असला तर भांडायला येईल, मादी असली तर भेटायला येईल. संचालकबाईंनी परवानगी दिली, मात्र कपाट रिकामं दिसता कामा नये म्हणाल्या. म्हणून सरडेरावांनी तिथे पाटी लावली, ‘हा सरडा कामावर गेला आहे.’

नर उचलताना त्यांचा अंगठा त्याच्या पोटाखालच्या खळग्यात गेला. ही बायकोची पद्धत. प्लॅस्टर ओलं असतानाच ती प्रत्येक जनावराच्या पोटाला अंगठा दाबायची, म्हणजे ते बैठकीला नीट बसतं. पोटाला ती रंगही लावायची नाही. पोटाकडे कोण बघतंय, म्हणायची. सरडेरावांचा जाडा अंगठा त्या खळग्यात मावेना, तरी ते बराच वेळ तो तिथे टेकवून उभे राहिले. शेवटी तिकीट खिडकीतल्या बाईंनी विचारलं, सरड्याचं पोट दुखतंय का?

झालं, सरडेरावांचा मुक्काम रानात हलला. घडीचं स्टूल, थर्मास, दुर्बीण, आणि डोक्यावर बायकोने ठिगळ लावून दिलेली काळी छत्री. छत्री काळी आणि ठिगळ हिरवं, कारण ठिगळ लावलं त्या दिवसांत तिचे डोळे अधू होते. समोर दगडावर प्लॅस्टरचा नर आपली पंखी उघडून बसलेला, आणि इकडे झुडपाआड हे. दोघांची नजर एकाच दिशेला. सोबत कसली ती नव्हतीच, नाही म्हणायला मेहुण्याच्या शाळेची पिवळी गाडी रानातल्या पायवाटेवरून गचके खात जायची. मोकळी जागा म्हणून तो शिकणाऱ्यांना इथेच आणायचा. सरडेरावांनी त्याला निरोप धाडला, की तुझ्या गाडीने सरडे बिचकतात. त्याचा उलट निरोप आला, की तुमच्या छत्रीने माझे शिकाऊ बिचकतात.

आणि एका सकाळी सरडेराव येऊन बघतात तो समोरच्या दुसऱ्या दगडावर मादी.

दुर्बीण त्यांच्या हातातून सुटून थर्मासवर आपटली. पुन्हा डोळ्याला लावली तर हात थरथरत होते म्हणून मादीच नाचल्यासारखी दिसे. मातकट अंग, पाठीवर नाजूक चौकटी, मान किंचित वर. नराकडे तोंड करून बसली होती ती, आणि हलत नव्हती. सरडेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते स्वतःला सांगत राहिले की हे उन्हाने आलंय, पण ते उन्हाने आलेलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी काढली ती समोर होती आणि घरी जाऊन सांगायला कुणी नव्हतं.

दिवसभर मादी हलली नाही. सरडेरावांनी मनातल्या मनात तिच्या संयमाला हात जोडले. दुपारी एक कावळा तिच्याशेजारी येऊन बसला. त्याने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं, एकदा चोच मारून पाहिली आणि कंटाळून उडून गेला. कावळ्याला जे कळलं ते सरडेरावांना कळलं नाही. त्यांनी मनाशी नोंद केली, की मादी शत्रूला अजिबात भीत नाही.

संध्याकाळी धावत संग्रहालयात जाऊन त्यांनी कपाटातल्या प्लॅस्टरच्या मादीशी मनातलं चित्र ताडून पाहिलं, तर काय? कपाटातली पिवळट, आणि रानातली स्वच्छ राखाडी, बगलेत निळसर झाक असलेली! म्हणजे ही नुसती हरवलेली मादी नव्हती, ही कुणी पाहिलीच नव्हती अशी, नवीन जातीची मादी होती. कपाटातली मादी बायकोने डोळ्यांत मोतीबिंदू चढत असताना रंगवली होती, हा विचार त्यांच्या डोक्यात यायला हवा होता. पण डोक्यात जागा नव्हती.

संचालकबाईंना कळवलं. बाईंनी विद्यापीठातल्या प्राध्यापकांना कळवलं. ते तोफेएवढी लेन्स घेऊन हजर झाले. दुसऱ्या सकाळी तिघं झुडपाआड बसली, आणि नवल म्हणजे मादी कालच्यापेक्षा वीतभर पुढे आली होती. त्याच्या पुढच्या सकाळी आणखी पुढे. दिवसा हलायची नाही, पण सकाळी बघावं तर नराच्या थोडी जवळ. प्राध्यापक भारावून गेले. हिला प्रणयपूर्व समाधी म्हणतात, असं त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं. असं कुणी म्हणत नव्हतं, त्यांनी ते तिथेच बसून बनवलं होतं.

आणि मग नावाचा प्रश्न निघाला. नव्या जातीला शोधणाऱ्याने नाव द्यायचं असतं. प्राध्यापकांच्या मते लेन्स त्यांची होती म्हणून नाव त्यांचं. बाईंच्या मते ज्या देणगीदारांनी संग्रहालयाचं छप्पर घातलं त्यांचं. सरडेराव एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्या दिवशी हट्टाला पेटले.

"नाव माझ्या बायकोचं द्यायचं," ते म्हणाले. "नाहीतर मी सांगतो की ती पाल होती."

त्यांचा हिशेब साधा होता. चुकलं हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता, निघण्याची चिन्हंही नव्हती. पण उद्या तिच्या नावाची मादी जगभरच्या पुस्तकांत बसली, तर तिला कळेल की नाही? एवढा मोठा लांबचा वळसा घालून माफी मागणारा नवरा तिने तरी कुठे पाहिला असेल? त्या रात्री त्यांनी दुसरा कप आनंदाने प्यायला.

बाईंनी सगळ्यांना दाखवायचा दिवस ठरवला. रानात मंडप पडला. देणगीदार आले, वार्ताहर आला, खुर्च्या आल्या, आणि सगळे इतके हळू बोलत होते की दवाखान्यात बसल्यासारखं वाटत होतं. मादी आता नराच्या दगडावरच येऊन ठेपली होती, त्याच्या समोर, तोंडाला तोंड. प्राध्यापक कुजबुजत सांगत होते, की आज काहीतरी घडणार. सरडेराव नवा शर्ट घालून आले होते. त्यांची नजर मात्र सारखी पलीकडच्या काठावरच्या घराकडे जात होती. तिथल्या गच्चीवर कुणीतरी उभं होतं. इतक्या लांबून ओळखू येईना.

घडलं ते असं. मेहुण्याची पिवळी गाडी पायवाटेच्या वळणावर दिसली. चाकामागे दातांचे एक डॉक्टर होते. मंडप, खुर्च्या, एवढी माणसं बघून ते गोंधळले आणि ब्रेक म्हणून त्यांनी दाबलं ते भलतंच. गाडी झुडपं मोडत, पाट्या पाडत, थेट मंडपाकडे निघाली. देणगीदार खुर्च्यांसकट मागे कलंडले. मेहुण्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो म्हणून बरं. गाडी त्या दगडाला नाक लावून थांबली. धक्क्याने नर जागचा हलला नाही, पण मादी उलटी होऊन खाली पडली, पाय वर, ताठ.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. प्राध्यापकांच्या तोंडून हुंदका फुटला. सरडेराव कसे तिथवर पोचले ते त्यांनाही आठवत नाही. गुडघ्यांवर बसून त्यांनी दोन्ही हातांनी मादी उचलली. ती जड होती. पोट पांढरं, कोरं होतं. आणि पोटात अंगठ्याचा खळगा होता.

त्यांनी आपला अंगठा त्यात टेकवला. मावला नाही.

"मेली का हो?" मागून वार्ताहराने विचारलं.

"नाही," सरडेराव म्हणाले. "ही आमच्या घरचीच आहे."

पुढचं काय सांगायचं? प्राध्यापकांनी मादी हातात घेऊन उलटी केली, सुलटी केली, बोटाने वाजवून पाहिली, आणि कुणाकडेही न बघता लेन्सची पिशवी भरायला लागले. समाधीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. बाई देणगीदारांना उचलत होत्या. वार्ताहर इतका हसत होता की त्याला खुर्चीला धरून उभं राहावं लागलं. मेहुणा गाडीतून उतरला, कंबरेवर हात ठेवून सरडेरावांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊजी, किती दिवस? रोज पहाटे येऊन ती मादी पुढे सरकवायची म्हणजे माझ्या झोपेचं खोबरं. ताई म्हणायची, आज वीतभर सरकव, आज कळेल त्यांना. उद्या तुमच्या मांडीवरच आणून ठेवणार होतो."

सरडेराव मादी रुमालात गुंडाळून रानातून चालू लागले. काटे नव्या शर्टाला लागत होते, लागू देत.

बायको गच्चीवरून खाली येऊन दारात उभी होती. बोटांना रंग होता. एका डोळ्याने ती त्यांच्याकडे असं बघत होती की सरडेरावांना आपण फार दिवसांनी कुणाला तरी दिसतोय असं वाटलं.

"पहिल्याच दिवशी ओळखाल वाटलं होतं," ती म्हणाली. "इथून छत्री दिसते तुमची. हिरवं ठिगळ लावलं होतं मी काळ्या छत्रीला, आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत? रोज ती छत्री बघायची मी. म्हटलं, यांचा तो नर एकटा किती बसणार, म्हणून ही मादी केली. ऑपरेशननंतरचं पहिलं काम होतं माझं ते. हात चालतोय, रंग दिसतायत, या आता घ्यायला, एवढंच सांगायचं होतं. आणि तुम्ही गावभर माणसं गोळा केलीत."

"नवीन जात वाटली मला."

"कपाटातली मादी मीच रंगवलेली ना? तेव्हा मला सगळं जग चहाच्या रंगाचं दिसायचं."

सरडेरावांनी रुमाल उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग एकदाचा तो शब्द आला, आणि आला तो एकटा आला नाही.

"चुकलं माझं. हॉस्पिटलात मी तुझ्यासमोर असायला हवं होतं. घरी करमत नाही. तुझ्या ब्रशचा पेला मी अजून धुतला नाही."

बायकोने सांगितलं, की पट्टी काढल्यावर तिला जगात पहिल्यांदा दिसलं ते भावाचं टक्कल. ते अतिशय स्पष्ट दिसलं. पण तिला ते बघायचं नव्हतं. मागून मेहुण्याने आपल्या डोक्यावरून हात फिरवला.

"दुसरा डोळा बाकी आहे," ती म्हणाली. "त्याची पट्टी काढतील तेव्हा समोर असाल, तर तिथून सरळ घरी येते. नसाल तर मग तुम्ही आणि तुमचा नर, बसा दोघं."

ऑपरेशन झालं. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी काढायची होती. सरडेरावांनी रात्री कपडे काढून ठेवले नाहीत, अंगावरच ठेवले. उजाडताच निघाले. रिक्षाने जायचं ठरवलं होतं, पण रिक्षा मिळाली नाही, बस गच्च भरून न थांबता गेली, आणि राहिली ती तीच, रानातली वाट. सरडेराव मान खाली घालून चालू लागले. आजूबाजूला बघायचंच नाही. माती उकरलेली असो, नाहीतर सोनं पुरलेलं असो.

पण वाट त्या दगडाजवळूनच जात होती. प्लॅस्टरचा नर गडबडीत तिथेच राहिला होता. आणि त्याच्या शेजारी, त्याच दगडाच्या टोकावर, आणखी एक नर बसला होता. सरडेराव थांबले. हा श्वास घेत होता. पुढच्या पायांवर तो ताठ झाला, प्लॅस्टरच्या नराकडे रागाने बघून त्याने मान झटकली, आणि गळ्याखालची घडी उघडली.

इतकी वर्षं. वडिलांचा खांदा, ते ऊन, सगळं एकदम छातीत आलं. खिशात कॅमेरा होता. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं बसलं असतं तर काय बिघडलं असतं? सरडेरावांचे गुडघे आपोआप वाकायला लागले. ते अर्धे वाकले, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडेच पाहिलं, आणि तसेच वाकलेले पळत सुटले.

हॉस्पिटलात ते इतके लवकर पोचले की दरवाजाच उघडला नव्हता. रखवालदाराने विचारलं, कुठे दुखतंय? डॉक्टरीणबाई येईपर्यंत सरडेराव खाटेसमोर उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पट्टी निघाली. बायकोने डोळा मिचकावला, उघडला, आणि दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आलात."

"आलो."

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हातारे झालात हो. मोतीबिंदूत बरे दिसत होतात." आणि पुन्हा निरखून पाहत, हळूच, "वाटेत दिसला ना तो?"

"तुला कसं कळलं?"

"तोंडावर लिहिलंय."

"दिसला. दगडावर. पंखी उघडली होती त्याने. मी थांबलो नाही."

बायकोच्या दोन्ही नव्या डोळ्यांत पाणी भरलं, आणि डॉक्टरीणबाई ओरडल्या, की रडायचं नाही, टाकलेलं औषध वाहून जातंय, नवऱ्याला बाहेर काढा आधी. पण बायकोने त्यांची बाही घट्ट धरली होती.

"वेडे आहात," ती म्हणाली. "बरं, मला एवढं सांगा. तो नर मला नव्याने रंगवायचाय. पंखीचा निळा कसा होता? आकाशी, की शाईसारखा?"

सरडेरावांनी तोंड उघडलं. डोळे मिटून आठवून पाहिलं. पुन्हा आठवून पाहिलं.

"मी," ते खाली मान घालून म्हणाले, "घड्याळाकडे बघत होतो."

बायको त्या दिवशी घरी आली, आणि पेल्यातलं टर्पेंटाइन बदलायला हवं होतं कधीच, म्हणून आल्या आल्या बोलली. संचालकबाईंना सरडेरावांनी खरा नर दिसल्याचं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, रंग वाळला होता का? पुरावा म्हणून सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. तेव्हा तो शोध काही लागला नाही, आणि कपाटावरची ती कामावर गेल्याची पाटीही अजून तशीच आहे, कारण निळा ठरल्याशिवाय नर रंगवायचा नाही असं बायकोचं म्हणणं आहे.

म्हणून आता रानात दोन स्टुलं असतात. ठिगळाची छत्री एकच आहे, ती दोघांना पुरत नाही, त्यामुळे सरडेरावांचा डावा खांदा उन्हाने भाजून निघालाय. थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला जातो आणि दोन्ही कप गरम असतानाच संपतात. पिवळी गाडी जाताना हॉर्न वाजवते आणि सरडा असलाच जवळपास, तर पळून जातो. पण परवा सरडेराव तिकीट खिडकीतल्या बाईंना पुन्हा सांगत होते, की वाट बघण्याच्या कामात आपला हात धरील असा माणूस जन्माला आलेला नाही, आणि बायको मागून आत आली, तर चटकन म्हणाले, एक सोडून.